आबांनी न मोजलेलं झाकण

गावच्या मोठ्या टोपाचं झाकण महाडला माझ्याच घरी होतं, आणि ते आबांनी लांबवलं असं भर गावसभेत म्हणणारा मीच होतो.

आबा गेल्याला आता दीड महिना होईल. फोन शेजाऱ्यांकडे आला. गावाहून दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, बोलत होते. ‘वरच्या आळीतले आबा गेले,’ एवढं सांगून लगेच म्हणाले, ‘येतोस ना?’ त्या ‘येतोस ना’मध्ये मला संशय ऐकू आला. आमच्या गावात तो साध्या प्रश्नातही असतो. या वेळी तो रास्त होता.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, कापड्याहून पुढे चढणीला. वस्ती लहान, पण आळ्या दोन, वरची आणि खालची. लग्नाकार्याला लागणारी गावकीची भांडी देवळामागच्या खोलीत ठेवलेली असतात. खोलीला दार एक आणि कुलपं दोन, प्रत्येक आळीचं एकेक. दोन्ही आळ्यांच्या किल्ल्या एकत्र आल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्यामुळे आळ्यांचं फाटलं की त्या वर्षीच्या नवरदेवांची वरात पोलादपूरहून आणलेल्या भाड्याच्या कढयांवर निघायची, आणि गावकीचे टोप आत अंधारात सुरक्षित! खालच्या आळीची किल्ली आमच्या दादांकडे होती, वरच्या आळीची आबांकडे. आबा नात्यानं माझे चुलते, पण वरच्या आळीतले. म्हणजे सुतकाला आपले, सभेत परके.

संशय घ्यावा तर आबांनी. किल्ली करगोट्याला बांधलेली, आंघोळीलाही सुटायची नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत येऊन चौथ्यांदा. महाडच्या बाजारात सुकट घेताना मुठीमुठीनं हुंगायचे. रेडिओवर पावसाचा अंदाज लागला तर म्हणायचे, ‘ह्याला कोनी सांगितला?’ भांडी परत आली की झाऱ्यांपर्यंत मोजायचे, मग दादांना मोजायला लावायचे, आणि दोघांचा आकडा जुळला तर त्यांना अधिकच शंका यायची. मी महाडला मास्तर झालो तेव्हा पेढा हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, ‘परीक्षा तूच दिलीस ना रे?’

असा माणूस आयुष्यात एकदाच मोजायचा राहिला. आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, पाठवणी झाली, आई पडवीत बसून डोळे पुसत होती. भांडी घासून खोलीपाशी नेली. आबा किल्ली घेऊन आले, भांड्यांकडे बघितलं, आईकडे बघितलं. ‘ऱ्हाऊ दे. लगीनघर हाय,’ म्हणाले आणि दादांच्या मागोमाग न मोजताच आपलं कुलूप घातलं. त्याच वेळी मी पोलादपूर स्टँडवर एसटीत बसलो होतो. मांडीवर फडक्यात बांधलेलं उरलेल्या बुंदीचं भलंमोठं गाठोडं. अर्धं माझ्या मांडीवर, अर्धं शेजारच्या उतारूच्या. बुंदीखाली परात असेल असं मी धरून चाललो होतो. महाडला बुंदी चार दिवसांत संपली. मग ते भांडं पाण्याच्या पिंपावर उलटं बसलं, वर पेले उपडे घालायला सोयीचं. बायकोला वाटलं ते मी विकत आणलंय. मला ते पिंपावर दिसलं तेव्हा वाटलं तिच्या माहेरचं आहे. आमचा संसार असाच चाललाय.

नवरात्रात खोली उघडली तर मोठ्या टोपाचं झाकण नाही. सभा बसली. दोन्ही आळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मी सुट्टीवर आलेलो, शिकलेला, चार रहस्यकथा वाचलेला. उभा राहिलो आणि विचारलं, ‘शेवटचं कुलूप कुणी घातलं?’ मग मीच म्हणालो, ‘जो झारे मोजतो, तो नेमका त्याच दिवशी का मोजत नाही?’ खालच्या आळीनं माना डोलावल्या. मला वाटलं, काय बोललो!

आबांनी माझ्याकडे बघितलं... रागानं नाही, मालाला वास मारतोय का ते बघावं तसं. करगोट्याची किल्ली सोडली, देवळाच्या पायरीवर ठेवली आणि घरी गेले. त्यानंतर ते गावजेवणाच्या पंगतीला कधी बसले नाहीत. वरच्या आळीनं किल्ली दुसऱ्याला दिली, पण त्याच्यावरही भरवसा नाही म्हणून तिसरं कुलूप आलं.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, पिंप घासताना बायकोनं हाक मारली. ‘अहो, यावर आपल्या गावाचं नाव कसं?’ झाकण सुलटं करून तिनं माझ्यापुढे धरलं होतं. कोरलेली अक्षरं मी तीनदा वाचली. सावित्रीच्या पुलावरून सोडून द्यावं, हा पहिला विचार. गुपचूप खोलीत ठेवावं, हा दुसरा. पण तीन कुलपं, तीन माणसं! चोरी करायला जितकी अडचण, तितकीच परत करायला. शेवटी चादरीत गुंडाळलं आणि थेट आबांच्या पडवीत नेलं.

आबांनी ते उलटंसुलटं केलं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कान लावला. ‘ह्ये त्येच कशावरून?’

‘आबा, नाव आहे त्यावर.’

‘नाव कोन बी कोरंल. तुला कोनी पाठवला? वरच्या आळीनं का खालच्या?’

मी सगळं सांगितलं. बुंदी, एसटी, पिंप, पेले. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय कमी होत गेला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की तो राहिला असता तर बरं. मग झाकण माझ्याकडे सरकवलं. ‘मला सांगून काय व्हनार? मी चोर नाय ते मला ठावं हाय. जिथं बोललास तिथं बोल.’

‘बोलतो,’ म्हणालो, आणि झाकण घेऊन महाडला परत आलो.

शिमग्याला बोलणार होतो, दादांचं पोट बिघडलं होतं. नवरात्रात बोलणार होतो, आळ्यांचं नुकतं जुळलं होतं, कशाला बिघडवा! पुढच्या वर्षी मलाच ताप आला, आणि तो मी जरा वाढवून सांगितला. दर सभेला आबा पटांगणाच्या कडेला, आंब्याखाली येऊन उभे राहायचे. मी उठलो की त्यांची मान वर व्हायची. मी शाळेच्या निकालाबद्दल बोलून खाली बसायचो. ते निघून जायचे. अशी पाच वर्षं... ते गेल्याचा फोन आला तेव्हा मनात आलं, त्या म्हाताऱ्यानं जगात एका माणसाच्या शब्दावर इतका काळ भरवसा ठेवला. माणूस पारखण्यात त्यांची चूक कधी व्हायची नाही, ती नेमकी इथे झाली.

तेराव्याला झाकण घेऊन गेलो. दोन्ही आळ्या आबांच्या अंगणात पंगतीला बसलेल्या. पानं वाढण्याआधी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. मग वरच्या आळीतला एकजण म्हणाला, ‘मास्तर, आबांच्या माळ्यावर गावलं असंल. मेलेल्या मानसाचं अंगावर घेतोस, मोठं मन हाय तुझं.’ दुसऱ्यानं डोळे बारीक केले. ‘पंचायतीला उभा ऱ्हातोस काय?’ दादा मला बाजूला ओढून दातओठ खात म्हणाले, ‘कुणी शिकवलं तुला हे?’ मी शपथ घेतली. शपथेमुळे उरलेल्यांनाही शंका आली.

आबांची बायको, आमची काकी, चुलीपाशी बसून ऐकत होती. उठून आली, माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि वाफाळत्या भाताच्या त्याच मोठ्या टोपावर ठेवलं. नीट बसलं.

‘काकी, तुझा तरी विश्वास बसतोय ना?’ मी विचारलं.

‘ह्यांनी मला तवाच सांगितलेला,’ ती म्हणाली. ‘म्हनायचे, मास्तर बोलंल, पन मी मेल्यावर. जा, बस पानावर. भेकड मानसाला काय भूक लागत नाय?’