गादीचं माप

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये मी वेबसाइट बनवण्याचं काम करतो. बनवतो म्हणणं जरा जास्तच झालं. आमच्याकडे पहिली वेबसाइट एका गादीवाल्याची झाली आणि त्यानंतरची प्रत्येक वेबसाइट ही तिचीच नक्कल, रंग आणि फोटो बदलून. पापडवाला, दातांचा दवाखाना, बदलापूरचं मंगल कार्यालय, सगळ्यांच्या पोटात ती गादी आहे. आमच्या बाजारात याची कुणाला लाज वाटत नाही. जुनी पँट उसवून तिच्यावरून नवी कापणारे कारागीर आमच्या खालच्याच गाळ्यात बसतात.

वेबसाइट ही सुटे भाग जोडून केलेली वस्तू आहे. फोटो दाखवणारा एक भाग, फॉर्म घेणारा दुसरा, तारखा सांभाळणारा तिसरा. या भागांना मॉड्यूल म्हणतात. प्रत्येक मॉड्यूलबरोबर एक छोटी फाइल असते. तिच्यात बनवणाऱ्याने लिहायचं असतं, की मला चालायला अमुक मॉड्यूल लागतं. एखादं मॉड्यूल काढायला गेलं की सिस्टिम या फाइली वाचते आणि सांगते, थांबा, याच्यावर आणखी दोन अवलंबून आहेत. अर्थात लिहिलेलं असेल तरच.

आई गेल्यावर पंधराव्या दिवशी मी कामावर आलो. मी धीराचा आहे असं सगळे म्हणत होते. धीर वगैरे काही नव्हता, मला काही वाटतच नव्हतं. रडूही आलं नव्हतं. आमचे सिंधी मालक थोडा वेळ समोर बसले आणि म्हणाले, "भाऊ, घरी बस ना अजून दोन दिवस." मी म्हटलं, घरी बसून काय करू?

त्या दिवसांत मला आवराआवरीचं वेड लागलं होतं. आईच्या औषधांच्या बाटल्या, दांडी मोडलेला चष्मा, रिकामे डबे, ज्याचा उपयोग नाही ते मी काढून टाकत होतो. त्याच हाताने मी मंगल कार्यालयाची वेबसाइट उघडली आणि तिथे मला ‘गादीचं माप’ नावाचं मॉड्यूल दिसलं. लांबी-रुंदी टाकली की गादीची किंमत आणि ती घरी पोचवायची तारीख सांगणारं. लग्नाच्या हॉलला याचं काय काम? सिस्टिमने विचारलं, नक्की काढायचं? कुणी त्याच्यावर अवलंबून असल्याचं काही ती म्हणाली नाही. मी काढलं.

दोन तासांनी कार्यालयाच्या बाईंचा फोन आला. "अहो, आमच्या सगळ्या तारखा मोकळ्या दिसतायत. एकाच मुहूर्तावर दोन घरांनी बुकिंग केलंय."

शोधल्यावर सापडलं ते असं. नक्कल करताना कुणीतरी, बहुधा मीच, हॉलच्या तारखा सांभाळण्याचं काम गादीच्या तारखेवरच टांगून दिलं होतं. फाइलीत ते लिहायचं राहिलं होतं. मी जुनी प्रत परत चढवली. दुसऱ्या घराची माफी मालकांनीच मागितली. फोन ठेवून मला एवढंच म्हणाले, "जो चल रहा है, उसको हात नहीं लगाने का." एरवी मी वाद घातला असता.

घरी आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि बाबा, बदलापूरच्या कुळगावात. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. अजूनही सूचना वाचल्याशिवाय पंख्याचं बटणही दाबत नाहीत. मी सकाळी स्वयंपाक करून त्यांचा डबा ओट्यावर ठेवायचो. संध्याकाळी तो तसाच असायचा. विचारलं की म्हणायचे, भूक नव्हती. मला वाटलं दुःख आहे, जाईल. मला नाही तर निदान त्यांना तरी ते होतंय, याचं बरंच वाटलं.

मग एका सकाळी ते चक्कर येऊन बेसिनला धरून उभे राहिले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर खूप वाढली होती. मधुमेहाच्या दुपारच्या गोळ्यांची पाकिटं काढून पाहिली तर सगळी भरलेली. आणखी महिनाभर असंच चाललं तर डोळ्यांवर जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

मी घरी येऊन चिडलो. "बाबा, तुम्ही लहान आहात का?"

"जेवणानंतरची गोळी आहे," ते म्हणाले. "जेवलोच नाही, तर घेणार कशी?"

"मग जेवायचं ना."

त्यांनी ओट्यावरचा डबा हातात घेतला. "ती एक वाजता तुला फोन करायची. तू जेवलो म्हणालास की ताटं घ्यायची. आता कधी बसायचं, तेच समजत नाही."

एक वाजताचा तो फोन. जेवलास का, एवढंच विचारायची. इतकी वर्षं मी स्क्रीनवरची नजर न काढता हो म्हणत आलो आणि डबा बॅगेतच असायचा. कधी कधी तर मी फोन कापला. ती गेल्यावर फोन येईनासा झाला, तेव्हा मला एवढंच जाणवलं होतं की दुपारी काम सलग होतं. त्या फोनवर घरात काय काय अवलंबून होतं, हे कुणीच कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मीच घरी फोन लावला.

"बाबा, मी जेवलो. तुम्ही बसा."

पलीकडून बाबा म्हणाले, "खरंच जेवलास?"

"हो."

"ती फोन ठेवला की म्हणायची, ‘थापा मारतो मेला. पण चला, तुमची गोळी आहे, आपण बसू.’"

मी पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं, डबा तिच्यातच होता.

"आता ती नाही," बाबा म्हणाले. "मला असं खोट्यावर बसता यायचं नाही. तू डबा उघड. मी फोन धरून थांबतो."

मी बॅग ओढली. झाकण घट्ट बसलं होतं, त्यामुळे वेळ लागला. ते थांबले होते.