वसंतरावांची पांढरी आणि पापाजींची निळी

प्रिय सानिका आणि नील,

परवा फोनवर सानिकाने विचारलं, की जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची तर आधीच्या वर्षाचं मॉडेल घ्यावं की नंतरचं. दोन गाड्या तिने पाहून ठेवल्या आहेत आणि तिचं मन आधीच्या, देखण्या गाडीवर आहे. तुमचे बाबा म्हणाले, "आजीला विचार." त्यावर तुम्ही दोघं हसलात. हसण्यासारखंच आहे, कारण मला गाडी चालवता येत नाही. पण हाच प्रश्न घेऊन मी एकदा नागपूरहून भिलाईला गेले होते. तो प्रवास तुम्हांला कुणी नीट सांगितलेला नाही. सानिकाचा निर्णय होण्याआधी तो लिहून पाठवते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तुमचे बाबा, म्हणजे आमचा अजय, नुकता नोकरीला लागला होता आणि त्याला दोन दारांची, कापडी टपाची गाडी हवी होती. स्कूटर नको, साधी मोटार नको, हीच हवी. माझी मावसबहीण कमल भिलाईला राहायची. तिचे यजमान वसंतराव पोलाद कारखान्यात अधिकारी होते. त्यांच्याकडे तशी एक गाडी होती आणि ती ते अजयला द्यायला तयार होते. तिथेच, हथखोजच्या उद्योगवस्तीतल्या एका कारखानदाराकडे त्याच कंपनीची, तीनेक वर्षं नंतरची दुसरी गाडी होती. तुमचे आजोबा मला म्हणाले, "तू जा त्याच्याबरोबर. तुला भीती वाटली तर घेऊ नका." मला भीती वाटणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आणि ती वाटतच होती. आगगाडीत अजय खिडकीशी बसून गोंदियापर्यंत गाडीच्या इंजिनाविषयी बोलत होता आणि मी बाहेर रस्ता दिसला की त्यावरचे ट्रक पाहत होते. येताना आम्हांला याच बाजूने, त्या ट्रकांमधून, गाडी चालवत यायचं होतं. देवरीच्या अलीकडे-पलीकडे जंगल आहे, उतार आहेत. तिथे समोरचा ट्रक अचानक थांबला तर आपली गाडी थांबेल का, एवढाच माझा प्रश्न होता. तो मी कुणाला विचारला नाही.

भिलाईला लागूनच असलेल्या दुर्गला उतरलो तेव्हा जानेवारीचं उबदार ऊन होतं. वसंतराव स्टेशनच्या बाहेर गाडीला टेकून उभे होते. गाडी सायीच्या रंगाची, पुढे चकचकीत जाळी, आत लाकडी पट्टीवर गोल गोल घड्याळांसारखी यंत्रं. अजयने तिच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि मला कळलं, की प्रश्न संपला आहे. मी अजून गाडीत बसलेही नव्हते.

भिलाईत रुआबांध्याला कमलच्या घरी पोचल्यावर तिने गरम चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टोमॅटोची चटणी वाढली. ताटात राखियाबडीची (कोहळ्याच्या वड्यांची) भाजीही होती. देवापुढे नारळ आणि हार आधीच आणून ठेवलेले दिसले.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"गाडीले," कमल म्हणाली. "ह्यांनी कालच आणून ठेवलं. भाचा नाही म्हणनच कावून?" (भाचा नाही कशाला म्हणेल?)

वसंतराव मूळचे वर्ध्याचे, आणि बोलणं तिकडचंच. जेवण होताच त्यांनी मला गाडीपाशी नेलं, पायाखालची चटई उचलली आणि तळावर टाच आपटली. आवाज घुमला नाही, नुसता ठप् आला.

"हे पाहा ताई. कंपनीचा पत्रा कागदासारखा होता, सडला होता. मी काढून फेकला. हा आपला पत्रा आहे. दारातही टाकला, पुढंही टाकला. गाडी आहे का रणगाडा आहे, तुमीच सांगा."

"एवढा जाड कशाला हो?"

त्यांनी चटई सरळ केली. मग जरा हळू बोलले. "आमच्या सेक्टरात एक गाडी ट्रकले धडकली होती. मी पाहिली ती. चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. त्या दिवशीच ठरवलं, आपल्या घरचं माणूस ज्या गाडीत बसन तिले असं होऊ द्यायचं नाही."

मला ते पटलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. भिलाईत कुंपणाची फाटकं, झोपाळ्याच्या कड्या, तुळशीवृंदावनाची चौकटसुद्धा जाड पोलादाची असायची. पोलादात आयुष्य गेलेल्या माणसांना पातळ वस्तूचा भरवसाच वाटत नसे, आणि त्या क्षणी मलाही वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळ रीत म्हणून हथखोजला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये लेथ चालू होत्या, हवेत तेलाचा वास होता. मालकांना सगळे पापाजी म्हणत. त्यांची निळी गाडी एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. चकचकीत जाळी गेलेली, तिच्या जागी काळ्या रबराचा जाड ओठ. आत लाकूड नाही, प्लास्टिक. अजयचा चेहरा उतरला.

"बहनजी, शकल तो उसीकी अच्छी है, मैं भी मानता हूँ," पापाजी वसंतरावांच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले. "कंपनीने बाद में इसका मुँह बिगाड दिया. लेकिन ब्रेक बदल दिये. आगे डिस्क है, और तेल की लाईन दो. एक फट गयी तो दूसरी पकडेगी."

"आणि हिची?" मी वसंतरावांना विचारलं.

"हिची एकच आहे. पण मी असताना फाटते कशी?" ते हसले. "पापाजी, तुमच्या गाडीचा पत्रा वाजवून दाखवू का?"

"वाजवा, वाजवा," पापाजी मराठीत म्हणाले. "तबला है, बजेगा ही."

सगळे हसले. मला मात्र ते दोन लाईनचं बोलणं टोचत राहिलं. मी म्हटलं, घ्यायचीच तर आधी लांबवर चालवून पाहू. वसंतराव लगेच तयार झाले. अहिवाऱ्याकडे जाऊ, म्हणाले. तिकडे चुनखडीच्या खाणी आहेत, ट्रकांची वर्दळ आहे, भाच्याची परीक्षा होऊन जाईल.

पांढऱ्या गाडीत अजय चालवायला बसला आणि मी त्याच्या शेजारी. मागे नावापुरती बैठक होती, तिच्यात वसंतराव गुडघे पोटाशी घेऊन तिरके बसले. त्यांचं डोकं आमच्या दोघांच्या मधोमध होतं. टप खाली केला होता. रस्त्याच्या कडेची झाडं चुन्याने पांढरी झालेली, भाताची कापणी झालेली शेतं, आणि एकामागून एक ट्रक. अजय ट्रकामागे गाडी न्यायचा, ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा. पुन्हा ट्रक, पुन्हा ब्रेक. थोड्या वेळाने जळक्या रबरासारखा वास यायला लागला.

"मावसाजी, वास कसला?"

"खाणीचा असन. चाल तू."

पुढे रस्ता रेल्वेच्या फाटकाकडे उतरत होता. चुनखडी कारखान्याकडे नेणारी ती लाईन. फाटक बंद होतं आणि त्याच्यापुढे दगडांनी भरलेला एक ट्रक उभा होता. अजयने ब्रेक दाबला. गाडी मंदावली आणि मग मंदावायची थांबली. मी त्याच्या पायाकडे पाहिलं. त्याची मांडी थरथरत होती, इतका जोर लावून तो दाबत होता.

"अजय."

"दाबतोय आई. लागत नाहीये."

ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवलेली कमळं मला एकेक पाकळीसकट दिसली. माझे दोन्ही पाय आपोआप खाली रुतले, त्या जाड पत्र्यावर. तो जरासुद्धा हलला नाही. मागून वसंतरावांचा हात आला आणि त्यांनी हँडब्रेक ओढला. "डावीकडं घे, मुरुमात घाल," ते म्हणाले. अजयने चाक फिरवलं. रस्त्याच्या कडेला मुरुमाचा ढीग होता. त्यात गाडीचं तोंड घुसलं, आमच्यावर लाल धूळ उडाली आणि सगळं थांबलं. उजव्या हाताला, वीतभर अंतरावर, ट्रकचा मागचा कोपरा होता.

कुणालाच लागलं नव्हतं. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, आमच्याकडे पाहिलं, बिडी पेटवली आणि परत चढला. वसंतरावांना मागून बाहेर निघता येईना. त्यांचा हात धरून मी त्यांना काढलं.

"ब्रेक तर महिन्याआधीच केले," ते म्हणाले. "नवीन शू टाकले."

अजयने घाबरत घाबरत विचारलं, "मावसाजी, पत्रा टाकल्यावर वजन किती वाढलं असेल?"

"काय वाढन? एखाद्या माणसाएवढं."

 गाडी गार झाल्यावर वसंतराव स्वतः चालवायला बसले. दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी कडेकडेने, रांगत आम्ही अहिवाऱ्याच्या अलीकडच्या वजनकाट्यापाशी पोचलो. चुनखडीचे ट्रक तोलण्याचा तो काटा. आम्ही काही सांगितलं नव्हतं; त्यांनीच गाडी आत वळवली. कारखान्यातला माणूस, प्रत्येक वस्तूचं वजन जाणणारा. आपल्याच गाडीचं त्यांनी कधी केलं नव्हतं.

आम्ही तिघं खाली उतरलो. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून रिकामी गाडी पाहिली, आकडा पाहिला, पुन्हा गाडी पाहिली.

"का भरे हव साहेब, चूना?" (काय भरलंय साहेब, चुना?)

वसंतराव आत गेले आणि आकड्यासमोर उभे राहिले. कंपनीचं मूळ वजन त्यांना तोंडपाठ होतं. बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, चार माणसं जास्तीची आहेत हिच्यात. कोणी नसलं तरी बसूनच आहेत." आणि जरा थांबून, "ब्रेक तेच जुने. पातळ गाडीचे. एवढ्या वजनानं तापून सुटले."

 मला त्या फाटकापेक्षा ती परतीची वाट जास्त भयंकर वाटली. प्रत्येक सायकलस्वार, प्रत्येक बकरी मला आधीपासून दिसत होती. रुआबांध्याला पोचलो तेव्हा माझ्या मुठीत पदराचा चोळामोळा झाला होता. कमल दारात उभी होती. धुळीने लाल झालेले आम्ही तिघं पाहून तिने पाणी आणलं.

पेला रिकामा करून वसंतराव अजयला म्हणाले, "पापाजीची घे."

"मावसाजी, ही दुरुस्त करता येईल. पत्रा काढला तर—"

"मी सांगून राहिलो ना, ती घे. ही मी चालवतो. मले कारखाना आन घर, एवढंच जायचं आहे." मग कमलकडे वळून, "नारळ उचल देवापासचा. हथखोजले न्यायचा आहे."

"मी तवाच म्हटलं होतं," कमल म्हणाली, "पत्र्यानं तुमचं समाधान होते, गाडीचं नाही." पण नारळ तिने स्वतः पिशवीत घातला, आणि हारही.

निळी गाडी घेऊन आम्ही सकाळी निघालो. राजनांदगावला चहा घेतला. अजयला गाडीच्या काळ्या तोंडाची अजून लाज वाटत होती. हॉटेलपासून लांब, झाडामागे लावली त्याने. देवरीच्या जंगलात उतारावर वळण घेतलं तर समोर रस्त्यात आडवी बैलगाडी. एक बैल बसला होता आणि गाडीवान त्याला उठवत होता. अजयने ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली केलं आणि जागच्या जागी थांबली. बैलगाडी अजून चांगली लांब होती. बैल उठला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि चालू लागला. मग मी डोळे मिटून घेतले, ते भंडाऱ्यापर्यंत धड उघडले नाहीत.

नागपूरला तुमच्या आजोबांनी विचारलं, "मग, भीती वाटली?" मी म्हटलं, वाटली, तरी घेतली. ते गाडीभोवती एक फेरी मारून आत गेले.

पुढे कितीतरी वेळा मी वसंतरावांचा विचार केला. त्यांनी पत्रा टाकला तो माझ्यासारख्याच भीतीपोटी, घरच्या माणसांच्या काळजीने. धक्का बसल्यावर काय होईल, याचा विचार करताना धक्का टाळायचा कसा, हे त्यांच्या मनातून निसटलं. म्हणून सानिका, देखणं कोणतं ते तू बघच, तुझं वय आहे. पण कंपनीने नंतरच्या वर्षी काय बदललं आणि का बदललं, हे आधी विचार. आणि आधीच्या मालकाने प्रेमाने काय काय घातलं आहे, हेही विचार.

वसंतराव आता नाहीत. दोन्ही गाड्या कधीच भंगारात गेल्या. पांढऱ्या गाडीच्या तळाचा पत्रा कमलच्या मागच्या दारी नालीवर टाकला आहे. त्याला गंज चढला आहे, पण तो वाकलेला नाही. आणि माझं म्हणाल, तर मी अजूनही कुणाच्या शेजारी गाडीत बसले आणि समोर ट्रक दिसला, की माझे दोन्ही पाय खाली दाबले जातात.