पुण्याच्या पाहुणीची ओटी

मी उदगीरच्या कॉलेजात भूगोल शिकवते. काही वर्षांमागे एका संस्थेच्या लोकांनी मला गाठलं. आमच्या भागातल्या मुलामुलींना शाश्वत पर्यटनाचे स्वयंसेवक म्हणून तयार करायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, आमच्याकडे पर्यटक येतातच कुठे? किल्ला बघायला शाळेच्या सहली येतात, तेवढंच. ते म्हणाले, येतील, आणि ते यायच्या आधी मुलं तयार असली पाहिजेत. हे मला पटलं की नाही, ते मला नीट कळलं नाही. पण मी हो म्हटलं.

आधी लातूरला आम्हा शिकवणाऱ्यांचंच शिबिर झालं. पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की पाहुण्यांमुळे गावाचं पाणी, रान, चालीरीती बिघडता कामा नयेत आणि पाहुण्याला गावाचा खरा अनुभव मिळाला पाहिजे. पाहुण्याची खासगी गोष्ट गावात सांगायची नाही, हे एक आणि गावकऱ्यांपासून काही लपवायचं नाही, हे दुसरं. मी दोन्ही लिहून घेतलं. त्या वेळी दोन्ही सरळच वाटलं होतं.

मग मी उदगीरला शनिवारी दुपारी वर्ग सुरू केला. जळकोट, मुखेडकडची आणि उदगीरची मिळून आठ-दहा मुलंमुली येत. पहिल्याच दिवशी एका मुलानं विचारलं, "मॅडम, महाराज कीर्तनात सांगतेत की जगात शाश्वत काहीच न्हाई. मग पर्यटन कसं काय शाश्वत?" पोरं हसली. मीही हसले, पण उत्तर देताना अडखळले. टिकाऊ म्हणा, असं सांगितलं, तर तो म्हणाला, टिकाऊ तर चप्पल असते.

त्यांच्यात एक मुलगी होती, मुखेडच्या कॉलेजात बी.ए.ला. तिचं गाव जळकोट-मुखेड रस्त्यावरून आत गेल्यावर लागतं. गावात जुनी दगडी बारव आहे, चारी बाजूंनी पायऱ्या असलेली. मुलगी हुशार आणि हट्टी होती. एक हिवाळाभर तिनं गावातल्या पोरांना गोळा करून बारवेतला कचरा आणि बाभळी काढल्या. पाहुणे उतरवायला तिनं आपल्या काकूचं घर ठरवलं. काकूचं घर आणि तिचं स्वतःचं घर एकाच अंगणात, मध्ये एक भिंत. तिचे वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. आई शेतात मजुरीला जायची आणि पाहुणे आले की भाकरी करायचं काम तिच्याकडे द्यायचं ठरलं. पर्यटनानं घरातल्या बाईला काम मिळावं, असंही शिबिरात सांगितलं होतं, त्यामुळे मला ते बरं वाटलं.

पहिली पाहुणी आली ती पुण्याची. साठीच्या आसपासची, बँकेतून निवृत्त झालेली बाई, एकटीच. जुन्या बारवा बघत हिंडायचा तिला नाद होता. हुरड्याचे दिवस होते, संक्रांत नुकतीच झाली होती. मुलीनं बारव, हुरडा, रात्री भजन असं सगळं आखलं आणि त्यात हळदीकुंकूही घातलं, कारण काकूकडे ते त्याच आठवड्यात होतंच. मला तिनं फोनवर विचारलं होतं. खरा अनुभव म्हणजे हाच की, असं मी म्हणाले.

हळदीकुंकवाला मीही होते. काकूच्या ओसरीवर गावातल्या पंधरा-वीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. पुण्याच्या ताई माझ्याशेजारी. त्यांच्या कपाळाला छोटी टिकली होती, हातात एक-एक सोन्याची बांगडी. काकूंनी त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटीत बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे घातले, वर एक ब्लाऊजपीस आणि नारळ. ताईंनी पदर पसरून ते घेतलं आणि खाली वाकून नमस्कार केला. डोळे भरून आले होते. मला वाटलं, शहरातल्या माणसाला याचं अप्रूप असतं.

मुलीची आई भिंतीपलीकडे भाकरी थापत होती. तो आवाज आम्हाला ऐकू येत होता. ती आमच्यात नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. विधवा बाई हळदीकुंकवाला येत नाही, हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलंय.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना उदगीरच्या स्टेशनवर सोडायला निघाले. जळकोट मागे पडलं. ओटीचा नारळ त्यांनी मांडीवरच धरला होता. मग त्यांनी विचारलं, "एक विचारू? ती ओटी कार्यक्रमातली होती का?"

मला प्रश्न कळला नाही. सगळं कार्यक्रमातलंच होतं, आणि काकू मनानंही भरत होत्या, असं काहीतरी मी बोलले.

त्या म्हणाल्या, "माझे मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून माझी कुणी ओटी भरली नव्हती. माझ्या बहिणीनंसुद्धा नाही. काकूंना माहीत होतं का? माहीत असून भरली असेल तर एक, आणि पाहुणी म्हणून यादीत होतं म्हणून भरली असेल तर दुसरं. मला रात्रभर कळेना, की मी काय घेऊन चाललेय."

त्यांनी तिथेच काकूंना का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. कपाळावर बोट टेकलं, तेव्हा तोंडातून शब्दच फुटला नाही, म्हणाल्या. स्टेशनवर गाडी आली, त्या गेल्या. मी स्टेशनबाहेर चहा घेतला आणि तो गार होईपर्यंत हातात धरून बसले.

पुढच्या शनिवारी मी ती गोष्ट मुलांपुढे मांडली. आता वाटतं, मांडायला नको होती. पण मला स्वतःलाच काही सुचत नव्हतं. ताई विधवा होत्या हे काकूंना सांगायचं की नाही? उदगीरचा एक मुलगा म्हणाला, ही पाहुण्याची खासगी गोष्ट, सांगायची नाही. जळकोटची मुलगी म्हणाली, काकूंना अंधारात ठेवणं म्हणजे गावकऱ्यांपासून लपवणं. दोघांनीही माझ्याच तोंडचे नियम मला परत ऐकवले. तिसरी म्हणाली, त्यात एवढं काय, ओटी कुणाचीही भरावी. तिघंही मला बरोबर वाटत होते.

बारवेच्या गावची ती मुलगी मात्र वहीत मान घालून बसली होती. वर्ग सुटल्यावर ती थांबली.

"मॅडम, माझी आई तवा पलीकडं भाकऱ्या करून राहिली होती," ती म्हणाली. "कार्यक्रम म्याच आखला. अन् म्याच आईला सांगितलं, की तू इकडं येऊ नको, पाव्हणीसमोर बरं दिसत न्हाई."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, चीड होती. पण कुणाची ते तिला सांगता येत नव्हतं. काकूची, पुण्याच्या बाईची, का स्वतःची. माझीही असावी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं हळूच बाजूला केला.

काकूंना आम्ही सांगितलं नाही. ठरवून नाही, कुणी सांगायला पुढं झालं नाही, एवढंच.

त्यानंतर बारव बघायला आणखी लोक आले. नांदेडहून दोन-तीन कुटुंबं, हैदराबादची काही तरुण मुलं. मुलीनं त्यांची व्यवस्था चोख ठेवली. प्लास्टिक परत न्यायला लावलं, बारवेत चपला घालू दिल्या नाहीत. तिच्या कामाचं संस्थेनं कौतुक केलं. पण ती पूर्वीसारखी माझ्याशी बोलत नव्हती.

दसऱ्याच्या सुमाराला ताईंचा फोन आला. मला परत जायचंय, म्हणाल्या. काकूंना हे आधी सांगूनच टाकायचंय, नाहीतर मी त्या बाईला फसवल्यासारखं होतं. मी सोबत आले तर बरं वाटेल, असंही म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा सोयाबीनची काढणी चालली होती. काकू आणि मुलीची आई, दोघीही शेतातून आलेल्या, अंगणात हातपाय धूत होत्या. काकूंना पाहुणी बघून आनंद झाला. "कवा आलाव ताई?" म्हणत त्यांनी पाणी दिलं. ताईंनी तांब्या तसाच खाली ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. पुणेरी बोलणं, स्वच्छ आणि घाईघाईचं. मुलगी दारात उभी होती. तिची आई ओल्या हातांनी तिथंच थांबली.

मला वाटलं, आता त्या म्हणतील, मला म्हाईत होतं, किंवा म्हणतील, त्यानं काय होतंय. मी अशाच काहीतरी शब्दांची वाट बघत होते.

"आदी सांगितलं असतं तर म्या भरली नसती," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? आता भरली ती भरली. भरलेली ओटी काय माघारी घेता येत न्हाई."

ताईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं की सुटल्यासारखं वाटत होतं, मी बघत राहिले आणि मला ओळखता आलं नाही. मग दारातून मुलीनं विचारलं, "अन् माझ्या आईची, काकू?"

काकूंनी तिच्याकडे बघितलं, तिच्या आईकडे बघितलं नाही. "ती घरची हाय. घरच्या बाईची भरली तर गाव बोलतंय. पाव्हणीला कोण बोलतंय? ती जाती निघून."

मुलीच्या आईनं पदराला हात पुसले आणि चुलीकडे गेली. जाता जाता ताईंना म्हणाली, बसा, चहा करते. आवाज नेहमीसारखाच होता.

ताई एक दिवस राहायच्या म्हणून आल्या होत्या. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल जाई, असं आमच्याकडे म्हणतात. त्या आठवडाभर राहिल्या. मी उदगीरला परतल्यावर मुलीकडून कळलं, की तिसऱ्या दिवसापासून काकूंनी त्यांना सरळ शेतात नेलं आणि कापलेलं सोयाबीन गोळा करायला लावलं. ताईंचे हात फोडांनी भरले. संध्याकाळी मात्र त्या भिंतीच्या पलीकडे, मुलीच्या आईजवळ जाऊन बसत. दोघी काय बोलत, ते मुलीलाही कळलं नाही. ती जवळ गेली की बोलणं थांबायचं.

पुढच्या संक्रांतीला काकूंनी भिंतीपलीकडे निरोप धाडला. हळदीकुंकवाला ये म्हणून. जावेला, म्हणजे मुलीच्या आईला. मुलीनं मला लगेच फोन केला. ती भरभर बोलत होती. मला वाटलं, आपण जे करत होतो त्याचं काहीतरी झालं शेवटी. कसं झालं ते कळत नव्हतं, पण झालं.

संध्याकाळी तिचा परत फोन आला. आई गेली नव्हती.

"काहून?" मी विचारलं.

"म्हणाली, पुण्याच्या बाईमुळं बोलावलं मला. माझ्यामुळं बोलावलं असतं तर गेले असते. म्हणाली, मी काय पाव्हणी हाय व्हय?"

मग ती म्हणाली, "मॅडम, काकू रडून राहिली तिकडं. आईनं दार लावून घेतलं. मी कुणाकडं जाऊ?"

आईकडं जा, असं मी म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, काकूकडं जा म्हणायला हवं होतं. नंतर तेही चुकीचं वाटलं.

पुण्याच्या ताई आता आमच्यामार्फत येत नाहीत. उदगीरला उतरतात, एसटीनं जातात आणि मुलीच्या आईकडे उतरतात. काकूंच्या ओसरीवरही जेवतात. जावाजावांत पुन्हा बोलणं सुरू झालंय. कसं झालं, ते मुलीला विचारलं तर तिलाही ठाऊक नाही. सोयाबीन काढताना झालं असेल, म्हणाली. ती आता नांदेडला शिकते आणि सुट्टीत गावी आली की पाहुण्यांना बारव दाखवते. हळदीकुंकू तिनं कार्यक्रमातून काढून टाकलंय. संस्थेच्या एका माणसानं फोनवर विचारलं, की पुन्हा पुन्हा येणारे पर्यटक किती? मी पुण्याच्या ताईंना मोजावं का, याचा विचार करत राहिले. पलीकडून हॅलो हॅलो झालं, तेव्हा मी म्हणाले, नक्की सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात नांदेडला नव्या मुलांचा वर्ग घेतला. खरा अनुभव कसा द्यायचा, हे सांगत होते. देगलूरकडची एक मुलगी उठून म्हणाली, "आमच्याकडं संक्रांतीला लई मोठं हळदीकुंकू असतंय. ते ठेवलं तर चालंल का?"

मी तिला विचारलं, तुझ्या घरात कोण कोण आहे? ती सांगायला लागली. आई, आजी, एक आत्या. आत्या सासरहून माघारी आलेली आहे, म्हणाली, आणि मध्येच थांबली. मी काय म्हणते याकडे सगळी मुलं बघत होती. मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. मी मुलांना जेवणाची सुट्टी दिली आणि तिला म्हटलं, डबा घेऊन माझ्याजवळ बैस.