चिंधूजींना ऐकू आलेलं नाटक

दयाराम गेला तेव्हा मराठी मंडळाच्या शोकसभेत, मंडळाची नाटकं भरवणाऱ्या भय्याजींना बोलायला उभं केलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की या माणसाबद्दल आपल्याला फारच थोडं माहीत आहे. स्मृती नगरात एकाच गल्लीत राहूनही ते कधी त्याच्या घरी बसले नव्हते. तो नावाजलेला साउंड इंजिनिअर होता, मुंबईच्या स्टुडिओत बरीच वर्षं काढून परतला होता, रायपूरचे गायक त्याच्याशिवाय रेकॉर्डिंग करत नसत, एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. भय्याजींपाशी त्याहून जास्त होती ती एकच संध्याकाळ.

मंडळ दरवर्षी कॅम्प-१ वस्तीच्या मैदानात वडशाकडच्या नाटक कंपनीचं नाटक आणत असे. पुढच्या रांगा मिलमधून निवृत्त झालेल्यांच्या. त्यांचं आयुष्य यंत्रांच्या गडगडाटात गेलेलं, कान मंदावलेले. पडदा वर गेला की ओरडा सुरू व्हायचा, "आवाज वाढवा." आवाज वाढे, स्पीकरचे डबे दणाणत, आणि शब्द आणखीच कालवले जात. दयारामचे वडील चिंधूजी तर शेजारचा हसला की मग हसायचे. लोक म्हणत, "चिंधूचं हसू मागच्या गाडीनं येते." शेवटी त्यांनी नाटकाला येणंच सोडलं.

एका वर्षी दयाराम भय्याजींकडे आला.

"काकाजी, यंदा साउंड मी करतो. पन बाबाले आनायचं काम तुमचं."

"मले नाही म्हनतील ते."

"मले तर घरातून हाकलतात. म्हनून तुमाले सांगून राहिलो."

चिंधूजी तयार झाले, पण बजावून. या वेळी समजलं नाही तर पुन्हा कोणी बोलवायला यायचं नाही.

दुपारी दयारामने स्टेजजवळचे मोठे डबे काढले आणि खुर्च्यांच्या मधेमधे बांबूंवर लहान स्पीकर बांधले. मग काही निवृत्त मंडळींना बसवून नटीला संवाद म्हणायला लावला. काय ऐकलं ते ज्याला त्याला विचारलं. कोणी चुकलं की तो मशीनपाशी जाई, घुमणारा जाड आवाज उतरवी, शब्द वर काढी.

"कावून रे, आमची परीक्षा घेऊन राहिला का?" एक म्हातारा म्हणाला.

"परीक्षा माही हाय, बाबूजी."

संध्याकाळी नाटक सुरू झालं आणि सवयीने ओरडा झालाच. मंडळाचे लोक दयारामकडे धावले. त्याने बटणाला हात लावला नाही. "थोडं थांबा. आयकू द्या त्यायले."

भय्याजींच्या शेजारी चिंधूजी मान खाली घालून बसले होते.

ओरडा हळूहळू निवला. स्टेजवर सासरा जावयाला सांगत होता, तुमच्यासाठी कोंबडा कापला. जावई म्हणाला, "मंग सकाळी आरवला कोन?"

चिंधूजी खदखदून हसले. सगळ्यांच्या आधी, एकटेच. मग सारं मैदान हसलं. भय्याजींनी वळून पाहिलं, तर दयाराम हेडफोन गळ्यात टाकून, दोन्ही हात खिशात घालून उभा होता.

चिंधूजींनी पुढे जिवंत असेपर्यंत एकही नाटक चुकवलं नाही. दुर्ग, राजनांदगावची मंडळं दयारामला बोलावू लागली. तिथेही तो आधी म्हाताऱ्यांना बसवून शब्द विचारायचा.

भय्याजींना तो शेवटचा भेटला जुनवानीच्या भाजीबाजारात, वांगी निवडताना.

"यंदाचं नाटक शनिवारी हाय," भय्याजी म्हणाले.

"येतो नं, काकाजी. खुर्च्या जवळजवळ मांडजा, शब्द सगळ्यायले आयकू आला पायजे."

"मांडतो."