छज्ज्याचं कव्हर

नाचणगावच्या मंदाबाई भोयर रागावल्या की भांडत नसत. त्या शिवायला बसत. मशीनच्या पॅडलचा आवाज ऐकूनच घरात कळायचं की आज बाईंना काही विचारू नये. त्यांचे यजमान वासुदेवराव पुलगावच्या डेपोत कामाला होते. तसा आवाज आला की ते मुकाट्याने सायकल काढून पानठेल्याकडे निघून जात. धाकटा दीर धनंजय मात्र हसायचा. "वहिनीचा गुस्सा म्हंजे ओला फटाका," तो म्हणायचा, "वात जळते, वाजत काई नाई."

धनंजयचा पुलगावात फोटो स्टुडिओ होता. दोन हजार चार साली त्याने रोलचा कॅमेरा बाजूला ठेवला आणि डिजिटल कॅमेरा घेतला. मागच्या बाजूला छोटा पडदा, काढला की फोटो लगेच दिसणार, नाही आवडला तर पुसून टाकायचा. स्टुडिओच्या आत सगळं झकास चाललं. पण पहिल्याच लग्नात तो कॅमेरा घेऊन उघड्यावर गेला, तर वैशाखाच्या उन्हात पडद्यावर काहीच दिसेना. आपलंच घामेजलेलं तोंड तेवढं दिसायचं. नवरदेवाचं डोकं कापलं गेलं की राहिलं, हे कळायला त्याला घोड्याच्या पोटाच्या सावलीत वाकावं लागलं. घोड्याने शेपटी मारली आणि वरात हसली.

घरी येऊन त्याने ते स्वतःच सांगितलं. सगळे हसले, मंदाबाईही हसल्या. पण जेवणं झाल्यावर त्यांनी कॅमेरा मागून घेतला आणि ब्लाउजचं माप घ्यावं तसं त्याचं टेपने माप घेतलं. सोफ्याचा उरलेला फोम, रेक्झीन, आत ताठपणासाठी पुठ्ठा. कॅमेरा आत बसायचा, पुढून काच मोकळी राहायची, आणि मागे पडद्यावर एक झाकण. झाकण उचललं की दोन्ही बाजूंच्या घड्या उलगडून खिडकीवरच्या छज्ज्यासारखी सावली पडायची. मिटलं की पडदा धुळीपासून आणि अक्षतांपासून सुरक्षित. आतून त्यांनी परकराचं काळं कापड लावलं. आधी निळं लावून पाहिलं होतं, मग हिरवं. अंगणातल्या उन्हात उभ्या राहून, झाकणात डोळा घालून, त्या एकेक कापड बाद करत गेल्या. काळंच खरं ठरलं. कापड चमकलं की पडदा मेला, हे त्यांनी धनंजयलाही दाखवलं होतं. त्याने मान हलवली होती. त्याचं लक्ष किती होतं ते तोच जाणे.

ते कव्हर पाहून देवळीचा एक फोटोग्राफर मागे लागला. मग आर्वीचा, मग हिंगणघाटचे दोघं. धनंजय मापं आणायचा, मंदाबाई शिवायच्या. पुढे धनंजयने स्वतःच्या नावाच्या छापील पट्ट्या आणल्या आणि प्रत्येक कव्हरवर त्या लावायला सांगितल्या. मंदाबाईंनी लावल्या. दुकान त्याचं आहे, नाव त्याचंच असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

वर्ध्याला फोटोग्राफर मंडळींचा मेळावा भरला, त्यात या कव्हरसाठी धनंजयचा सत्कार ठरला. घरची सगळी गेली. मंदाबाई मोतिया रंगाची, मुलाच्या बारशानंतर न नेसलेली साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसल्या. आपल्याला वर बोलावतील असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. उठताना पदर अडकू नये म्हणून.

खांद्यावर शाल पडली, नारळ हातात आला. धनंजय माईकवर बोलला. किती डोकं लढवलं, किती कापडं फुकट गेली, काळ्याचा शोध कसा लागला, सगळं त्याने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. मग खालून कोणीतरी विचारलं, "शिवते कोण, भाऊ?"

"हाय एक बाई गावातली," धनंजय म्हणाला. "सांगतो तशी शिवून देते."

वासुदेवरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या समोर पाहत होत्या. टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. येताना बसमध्ये धनंजयने विचारलं, "कसं बोललो, वहिनी?"

"मस्त बोलले, भाऊजी."

त्या रात्री मशीन वाजलं नाही. वासुदेवरावांना त्याचीच भीती वाटली. पडल्या पडल्या ते म्हणाले, "जाऊ दे न. लहान हाय तो."

"मी काई म्हटलं काय?" मंदाबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

त्यांनी खरंच काही म्हटलं नाही. कव्हरं शिवत राहिल्या, पट्ट्या लावत राहिल्या. पण आता प्रत्येक पट्टी लावताना सुई ज्या नावातून जायची, ते नाव त्या मनात वाचायच्या. भांडण करून चार दिवसांत विसरलं गेलं असतं, आणि त्यांना ते विसरू द्यायचं नव्हतं. जशा चारचौघांत त्याने आपल्याला गावातली एक बाई केलं, तशाच चारचौघांत त्याचं तोंड उतरलं पाहिजे, एवढंच त्यांनी ठरवलं. कसं ते ठरवलं नव्हतं. वाट पाहायची त्यांची तयारी होती.

पुढच्या उन्हाळ्यात वडनेरचे कापसाचे व्यापारी लक्ष्मणराव यांच्या मुलीचं, प्रेरणाचं लग्न निघालं. आजवरचं सगळ्यांत मोठं काम धनंजयला मिळालं होतं. साखरपुड्यालाच तो काळ्या छज्ज्याचं कव्हर घेऊन पुढे झाला, तेव्हा लक्ष्मणरावांच्या आई आनंदाबाई त्याच्यावर खेकसल्या. "हे काळं भूत पोरीच्या तोंडासमोर आणू नको. शुभकार्यात काळं चालत नाई आमच्यात."

धनंजय घरी आला तो कापड घेऊनच. लाल मखमल आणि सोनेरी साटीन. "वहिनी, लग्नासाठी पेशल पाह्यजे. बाहेरून लाल, आतून हे सोनेरी. काळा धागा बी दिसाले नको. मोठे लोक हायत, त्यायले शुभ-अशुभ लय लागते."

मंदाबाईंनी साटीन हातात घेतलं. दारातून आलेला उजेड त्यावर पडून समोरच्या भिंतीवर हलला. बाहेरून लाल आणि आतून काळं असं केलं असतं तरी कोणाला दिसलं नसतं. झाकणाच्या आत डोळा घालून पाहणारा एकटा धनंजय. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलं.

"आतून सोनेरीच न?" त्यांनी विचारलं.

"हो न. सांगतो तसंच करा."

"बरं."

त्यांनी ते कव्हर मन लावून शिवलं. टाका इतका बारीक की बोटाला लागू नये. झाल्यावर धनंजयचा कॅमेरा मागितला, माप जमतं का पाहते म्हणाल्या, आणि भर दुपारी अंगणात जाऊन झाकण उघडलं. आत सोनं पेटल्यासारखं झालं होतं. पडद्यावर तुळशीचं वृंदावन असायला हवं होतं, तिथे दुधाळ पांढरं काहीतरी होतं. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग आत येऊन मखमलीवरून हलका हात फिरवला, धागेदोरे झटकले आणि धनंजयच्या हाती दिलं.

"कसं देखणं झालं," तो म्हणाला.

"देखणं झालं," त्या म्हणाल्या.

लग्न भर दुपारचं होतं. वरमाळेची जागा मांडवाच्या तोंडाशी, उघड्यावर. धनंजयने लाल कव्हर गळ्यात घातलं तेव्हा बायांनी कौतुक केलं, आनंदाबाईंनीही मान डोलावली. त्याने फोटो काढला, झाकण उघडलं, आत पाहिलं. सगळं पांढरं. उजेड जास्त झाला असं समजून त्याने कॅमेऱ्याचं बटण दाबून उजेड कमी केला. पुन्हा काढला, पुन्हा पांढरं. आणखी कमी केला. त्या काळी कार्डात जागा थोडीच असायची. वाईट फोटो जागच्या जागी पुसायचा, ही सगळ्यांचीच रीत होती. त्याने पांढरे दिसणारे फोटो पुसले. वरमाळा पुसली. नंतरचे सगळे फोटो त्याने इतक्या कमी उजेडात काढले की संध्याकाळी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर लावले, तर मांडवात काजळी भरल्यासारखी दिसत होती. कुठे एक बाशिंग चकाकत होतं, कुठे दात. जे पुसले होते तेच चांगले होते, हे त्याला तेव्हा समजलं.

त्या दिवशी तो न जेवता झोपला. मंदाबाईंनी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः पोटभर जेवल्या.

पुढे धनंजयने होते तसे फोटो अल्बमात लावून वडनेरला पाठवले आणि तो स्टुडिओ बंद ठेवू लागला. वडनेरहून निरोप आले, त्याने तापाचं निमित्त सांगितलं. शेवटी एका सकाळी लक्ष्मणरावांची जीप नाचणगावात घरासमोरच उभी राहिली. लक्ष्मणराव उतरले, आनंदाबाई उतरल्या. मागून पुलगावचा दुसरा फोटोग्राफर तानबाजी उतरला. घर दाखवायला म्हणून त्याला बरोबर घेतलं होतं. शेजारचे लोक फाटकाशी गोळा झाले.

धनंजय मागच्या खोलीत शिरला आणि हाताने खूण केली, घरी नाही म्हणून सांगा.

"धनंजय हाय काय घरी?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"हायत न," मंदाबाई म्हणाल्या. "ताप उतरला त्यायचा. या, बसा." त्यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, आनंदाबाईंना सावलीतली दिली, पाणी आणलं. मग आत तोंड करून मोठ्याने हाक मारली, "भाऊजी, वडनेरचे पाव्हणे आले."

धनंजय बाहेर येऊन खुर्चीवर बसला. लक्ष्मणरावांनी त्याच्या मांडीवर अल्बमची पानं टाकली. "हे पाह. माह्या पोरीचं लगन हाय का अमावस्येची रात? वरमाळा कुठी हाय?"

धनंजयने वासुदेवरावांकडे पाहिलं, ते जमिनीकडे पाहत होते. मग तो म्हणाला, "शेठ, माही गलती नाई. कव्हरच खराब निघालं. ते वहिनीनं शिवलं."

तानबाजी हसला. "काऊन गा, वर्ध्याले त सांगत होता तू, तूच बनवलं म्हणून. शाल घेतली न तू. खराब निघालं त वहिनीचं झालं काय?"

"शिवायचं काम त्यायचंच..." धनंजय पुटपुटला.

मंदाबाई पदर खोचून पुढे आल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला. "हो, मीच शिवलं. पह्यलं बी मी शिवलं. देवळीचं, आर्वीचं, हिंगणघाटचं, सारे मी शिवले. काळं कापड म्याच शोधलं, ह्याच अंगणात उभं राहून. विचारा त्यायले. नाई म्हणतात काय पाहू."

धनंजय नाही म्हणाला नाही. त्याचं तोंड उतरलं होतं, आणि ते फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाहिलं. मंदाबाईंनीही सावकाश पाहून घेतलं.

आनंदाबाई म्हणाल्या, "मंग ह्याच वेळी काऊन बिघडलं, बाई?"

"ह्यायनं सांगितलं, आतून सोनेरी लावा. सांगितलं तसं शिवलं."

"काळं नको हे मीच म्हटलं होतं. पण आतलं कोणाले दिसते?" म्हातारीने मंदाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "तुले मालूम होतं न, ह्यात दिसत नाई म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. फाटकावरची माणसं त्यांच्याच बाजूची झाली होती.

"होतं," मंदाबाई म्हणाल्या.

"तुमच्या घरच्या भांडणात माह्या नातीची वरमाळा गेली."

"गेली," मंदाबाई म्हणाल्या. आवाज खाली आला, पण मान खाली गेली नाही. "परतणीले पोरगी-जावई येतील तवा पुन्हा काढा. तानबाजी काढतील. त्यायचं कव्हर मी आजच शिवते, वरून लाल, आतून काळं. तुमच्याकडून काई घेत नाई."

आपलं सगळ्यांत मोठं काम वहिनीने अंगणातच दुसऱ्याच्या हाती दिलं, हे धनंजयला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठून आत गेला.

मांडव परतणीला तानबाजी वडनेरला गेला. परत येऊन त्याने सांगितलं की फोटो झकास आले, पण वरमाळा नाही. प्रेरणाने पुन्हा हार घालायला नकार दिला. एकदा झालं ते झालं, नाटक करणार नाही, म्हणाली. मंदाबाई ऐकत होत्या. त्यांनी मशीन थांबवलं, हातातलं कापड उलटंसुलटं केलं, आणि पुन्हा चालू केलं. त्या मुलीबद्दल त्या पुढे कधी बोलल्या नाहीत. कोणी विषय काढला तर उठून जात.

त्या वर्षी घरातली चूल वेगळी झाली. फोटोग्राफर आता थेट नाचणगावला येऊ लागले आणि मंदाबाई पट्टी न लावता कव्हरं देऊ लागल्या. धनंजयच्या जुन्या कव्हरची शिवण उसवली. त्याने पुलगावच्या शिंप्याकडून एक करून घेतलं, ते दोन लग्नांत मोडलं. त्याने बायकोला, मंजुषाला, पाठवून पाहिलं. मंदाबाईंनी तिला चहा दिला आणि सांगितलं, "तू काऊन आली? ज्याले पाह्यजे त्यानं यावं."

शेवटी तो आला. लग्नसराई तोंडावर होती, ओसरीवर तीन-चार गिऱ्हाईकं मापं घेऊन बसली होती. तो उन्हातच उभा राहिला.

"वहिनी, एक कव्हर पाह्यजे होतं."

"मी शिवते म्हणून तुम्हाले कोणं सांगितलं?"

"साऱ्यायले मालूम हाय."

"साऱ्यायचं जाऊ द्या. तुमच्या तोंडून सांगा."

धनंजयने ओसरीवरच्या लोकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे कव्हर वहिनीनं शोधून काढलं. मी नाई."

मंदाबाईंनी ऐकलं. हातातला दोरा दाताने तोडला, सुईत नवा ओवला.

"आता जमत नाई, भाऊजी. हात भरला हाय," त्या म्हणाल्या. "लग्नं आटपल्यावर येजा."

आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचा कॅमेरा मागून घेतला.