थोरल्या सुनेचं अंजीर

कुंभिवलीच्या धोंडूबाईचा गावात कुणाशी तंटा नव्हता. शेजारची म्हैस भातात शिरली तर ती म्हशीलाच चार शब्द सुनावून मोकळी व्हायची. उसनं दिलेलं पीठ कधी परत मागायची नाही. तिचं मन गढूळ व्हायचं ते एकाच ठिकाणी, धाकट्या जावेच्या, भागूबाईच्या परसातल्या अंजिराच्या झाडापाशी.

ते झाड आणलं होतं सासऱ्यानं. बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा बुधाजी तरणा होता आणि तिथं दगड फोडायला जायचा. त्याच्या जोडीला सासवडकडचा एक गडी होता. त्यानं गावाहून येताना अंजिराची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि बुधाजीला दिली. घाटाखालच्या पावसात अंजीर कुजेल, असं सगळे म्हणाले. बुधाजीनं ती परसातल्या उंचवट्यावर, मुरमाड जागी खोचली, आणि ती जगली.

पुढं मुलगे वेगळे झाले. घराच्या मधोमध कुडाची भिंत आली. झाड धाकट्याच्या वाट्याला गेलं आणि मोरीकडची बाजू थोरल्याच्या, म्हणजे धोंडूबाईचा नवरा हिरामण याच्या. म्हातारा कुणाच्याच वाट्याला गेला नाही. तो पाळीनं राहायचा, एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे.

चैत्राची पाळी धोंडूबाईची. पण अंजिरं पिकायची ती नेमकी चैत्रात. म्हाताऱ्याच्या तोंडात दात उरला नव्हता, त्यामुळे उजाडलं की तो काठी टेकत कुडापलीकडे जायचा. धोंडूबाईनं दुधात कालवून दिलेली भाकर तो निमूट खायचा. भागूबाईनं दिलेलं अंजीर खाताना मात्र डोळे मिटायचा. हे डोळे मिटणं धोंडूबाईला सोसत नसे.

तिचा बाप ती रांगत होती तेव्हाच वारला होता. आठ वर्षांची असताना ती या घरात आली आणि दाराआड बसून रडू लागली, तेव्हा बुधाजीनं तिला खांद्यावर घेऊन सगळं गाव फिरवून आणलं होतं. भागूबाई आली ती जाणती होऊन, कुणाच्या खांद्यावर न बसता. म्हातारा आधी माझा, मग तिचा, हे धोंडूबाईनं कधी बोलून दाखवलं नाही, पण ती दिवसभर तेच मनात घोळवायची.

म्हणून तिनं त्याच झाडाची फांदी आणून मोरीजवळ लावली. शेणखत घातलं, ताक घातलं, मासळी धुतलेलं पाणी घातलं. झाड असं माजलं की त्याच्या पानांत माणूस दिसू नये. फळं आली, टपोरी आली. पहिलं फळ तिनं सासऱ्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते सावकाश चघळलं.

“पानी हाय पोरी,” तो म्हणाला. मग तिचं तोंड पाहून म्हणाला, “पर गार हाय.”

कुडापलीकडून भागूबाई हसली. “बाय, आमचं घ्या की टोपलीभर. आमी काय घालत नाय झाडाला. आपलं येतंय.”

खरं होतं ते. भागूबाई आळशी होती. झाडाला पाणी घालायचं तिच्या कधी ध्यानातच यायचं नाही. धोंडूबाईला सगळ्यात जास्त जळवायचं ते हेच. आपण जीव टाकावा आणि फळाला पाणी उतरावं, हिनं ढुंकून बघू नये आणि हिच्या झाडाला मध यावा.

एका पावसाळ्यात म्हातारा तापानं अंथरुणाला खिळला. उठला, पण निम्मा होऊन उठला. पिकलं पान, आणखी किती चैत्र बघणार? आपल्या हातचं अंजीर खाऊन त्यानं एकदा तरी डोळे मिटावेत, एवढंच धोंडूबाईला हवं होतं, आणि ते घडायची काही चिन्हं नव्हती.

दिवाळीला भागूबाई मोहोपाड्याला माहेरी गेली. पुरुषमाणसं भातकापणीला. म्हातारा परसाकडच्या ओटीवर घोंगडी पांघरून पडलेला. भर दुपारी धोंडूबाईनं कुदळ उचलली आणि जावेच्या परसात गेली. अंजिराच्या भोवती तिनं कंबर मोडेस्तोवर खणलं. मुळं उघडी पाडली, हाताला लागली तेवढी कोयत्यानं तोडली, आणि खड्डा तसाच उन्हात टाकून घरी आली. हात पाय धुतले, तांदूळ निवडायला बसली. झाड आता वाळणार, या विचारानं तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

भागूबाई परतली ती परसातच किंचाळली. “अगं माझे आये! कुनी केलं हे? हात झडतील त्याचं!”

कुडाअलीकडे धोंडूबाईच्या हातातलं सूप थांबलं.

ओटीवरून म्हातारा म्हणाला, “वरडू नको गं. मीच सांगितलं थोरलीला. सासवडची मानसं अशीच मुळं उघडी टाकतात. सगळी पानं गळू दे. मग शेणखत घाल, माती लोट, पानी सोड. दरसाल करायचं असतं, माझ्याच्यानं झालं नाय.”

“थोरल्या बायनं? आमच्या झाडाचं?”

“मग? ती काय परकी हाय?”

म्हाताऱ्यानं तिला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. धोंडूबाई सूप हातात घेऊन बसून राहिली. झाड मरावं, असं तिला अजूनही वाटत होतं. आणि मेलं तर मामंजींचा शब्द खोटा पडेल, म्हणून मरू नये, असंही वाटत होतं.

झाड मेलं नाही. पानं झडली, नुसता सांगाडा उभा राहिला, आणि खत-पाणी मिळताच काडीकाडीला फळं धरली. चैत्रात अशी अंजिरं आली की त्या घरानं कधी पाहिली नव्हती. भागूबाई टोपली घेऊन दारात उभी राहिली.

“घ्या बाय, तुमच्या हातचा गुन. पुढल्या सालीबी या खणायला. आनि येताना अशाच चिडून या.”

हिरामणनं एक तोंडात टाकलं आणि म्हणाला, “हां! याला म्हणायचं अंजीर!” धोंडूबाईनं त्याच्यासमोरची टोपली उचलली. चुलीपाशी जाऊन तिनं एक फोडलं, पाणचट निघावं अशी आशा धरून. आत लाल मध होता. जन्मात पहिल्यांदा आपल्या हातून गोड अंजीर झालं, आणि तेही भागीच्या झाडाला!

त्या दिवशी तिनं मान खाली घालून विचारलं, “मामंजी, माज्या झाडाला का नाय येत असं?”

“त्याला तू थांबू कुठं देतेस? बारा महिने मोरीचं पानी, वर खत. अंजिराला पाऊस सरल्यावर इसावा लागतो. पानी तोड, मुळं उघड. पर त्या दिवशी खणलंस तसं नको. रागाची कुदळ खोल जाते, जाड मुळं तुटतात.”

धोंडूबाईनं मान वर केली. “तुमी बघितलंत?”

“दात गेलंत पोरी, डोळं हायत अजून,” म्हातारा म्हणाला आणि कूस बदलून पडला.

पाऊस सरला तशी तिनं मोरीचं पाणी चर खणून अळवाकडे वळवलं. मग कुदळ घेऊन आपल्या झाडापाशी बसली. जावेच्या झाडावर चाललेला हात स्वतःच्या झाडावर चालेना. एक मूळ मोकळं करायला अर्धी सकाळ गेली. कुडावरून भागूबाईचं डोकं वर आलं.

“आमच्या वक्ताला बरा चालत होता हात! आता का अडतोय बाय?”

धोंडूबाईनं दुसरं मूळ मोकळं करायला घेतलं. पानं गळून झाड उघडं पडलं तेव्हा तिला त्याच्याकडे बघवेना. “मारलंस एकदाचं,” हिरामण म्हणाला. पण पुढं फळं धरली, थोडी आणि लहान. बुलबुल येऊ नयेत म्हणून तिनं त्यांना चिंध्या बांधल्या.

चैत्र लागला, पाळी बदलली, आणि म्हातारा तिच्या घरी आला. आता त्याला कुडापलीकडे चालत जाववत नव्हतं. पहिल्या फळानं देठाशी मान टाकली तशी धोंडूबाईनं ते तोडलं, देठाचा चीक पुसला, फोडलं आणि सासऱ्याच्या हातावर ठेवलं. तो हिरड्यांनी चघळत राहिला. त्याचे डोळे हळूहळू मिटले.

“गोड हाय?” तिनं विचारलं, कुडापलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं.

“हाय.”

तेवढ्यावर थांबावं, हे तिलाही कळत होतं. पण राहवलं नाही. “भागीच्या झाडापरीस?”

पलीकडे भागूबाई अंगण झाडत होती. तिच्या झाडूचा आवाज बंद झाला. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, कुडाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि रिकामा हात पुढं केला.

“आनखी एक दे,” तो म्हणाला. “मग सांगतो.”