पेकिंगचं छप्पर आणि देवळावरचा पिंपळ

आमचं भात खळ्यावरूनच जमीनमालकाच्या घरी जायचं. आमच्या वाट्याला उरायचं ते होळीपर्यंत पुरायचं नाही. मग आई मोळी डोक्यावर घेऊन अंबरनाथहून उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कँपात विकायला जायची, आणि वडील शिवाच्या देवळावर रोजंदारी करायचे. काम एकच. दगडांच्या सांध्यांत रुजलेली पिंपळाची रोपं काढायची. पिंपळ तोडायचा नाही, असा आमच्यात दंडक. म्हणून वडील दोर बांधून लोंबकळत एकेक रोप मुळासकट सोडवायचे आणि खाली वालधुनी नदीच्या काठावर नेऊन लावायचे. मुळं काढताना दगडाचा टवका उडता कामा नये, नाहीतर स्वतःवरच चिडायचे.

आमच्या अख्ख्या आळीत कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

चीनशी दोस्तीचे दिवस होते. कँपातल्या सिंधी रद्दीवाल्याकडे मला पेकिंगच्या, म्हणजे चीनच्या राजधानीच्या, चित्रांचं एक मासिक मिळालं. राजवाड्याची पिवळ्या कौलांची छपरं, खिळा न ठोकता उभं केलेलं लाकडी गोल देऊळ, पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या. मी ती चित्रं कापून पुठ्ठ्यांवर चिकटवली आणि कॉलेजात ‘पेकिंगच्या वास्तू’ असं भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. त्याआधी घरी चित्रं दाखवली तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं, “यांच्या छपरावर झाडं रुजत असतील ना रं? कोन काढतो?”

“बा, तो राजवाडा आहे,” मी म्हणालो. “तिथं झाडंबिडं रुजत नाहीत.”

भाषण ऐकून आमचे प्राध्यापक म्हणाले, “पेकिंग तुम्ही दाखवलंत. आता तुमच्या गावचं देऊळ दाखवा.” पुढच्या रविवारी ते आठ-दहा मुलांना घेऊन आले. मी इस्त्रीचा सदरा घालून पुढे. मनात म्हटलं, रविवारी वडील कामावर नसतील. पण ते होते. लंगोट लावून, दोराला लोंबकळत, डोक्यावर मातीच माती.

गाभाऱ्यात उतरायला वीसेक पायऱ्या आहेत. प्राध्यापकांनी विचारलं, “पेकिंगला देवळात चढून जातात म्हणालात. इथं का उतरायचं?”

मला माहीत नव्हतं. जन्म तिथं गेला होता, तरी नव्हतं. मी ठोकून दिलं, “जमीन खचली असावी.”

वरून वडिलांचं हसू ऐकू आलं. “खचली नाय! गाभारा मुद्दामच खाली बांधलाय. खचली असती तर सांधे फाटले असते. घाला नख, जातंय का बघा.”

एकानं खरंच नख घालून पाहिलं. गेलं नाही. “कोण रे हा?” त्यानं मला विचारलं.

“इथला गडी आहे,” मी म्हणालो. “साफसफाई करतो.”

वडील दोरावरून खाली उतरत होते. त्यांनी ऐकलं. खाली आले आणि माझ्याकडे न बघता बोलले, “सांभाळून उतरा, साहेब. पायरी वली हाय.”

मग त्यांनी सगळ्यांना देऊळ दाखवलं. कुठला दगड कुणाच्या खांद्यावर कसा तोललाय, पाणी कुठून निथळतं, गाभाऱ्यातून वर आभाळ कसं दिसतं. मी सगळ्यांत मागे उभा होतो. प्राध्यापक म्हणाले, “तुम्ही हे शिकलात कुठं?”

“मी कुठला शिकतोय! माझा पोरगा शिकतो. लांब असतो. त्याला चीनमधली देवळंसुद्धा म्हायती हायत.”

तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

घरी आल्यावर पुठ्ठे कोपऱ्यात टाकायला गेलो, तर मासिकाची कातरलेली पानं सापडली. राजवाड्याच्या छपराचं चित्र पुठ्ठ्यावर नीट बसेना म्हणून मी त्याची कडा कापली होती. त्या तुकड्यात पिवळ्या कौलांवर उकिडवा बसलेला एक माणूस होता, गवत उपटत. मी त्याला कातरून टाकलं होतं.

तो तुकडा घेऊन वडिलांकडे गेलो. ते भाकरी खात होते. “बा,” म्हणालो, आणि तुकडा त्यांच्यापुढं केला.

त्यांनी तुकडा दिव्याजवळ धरला. “दोर नाय बांधला यानं,” म्हणाले. मग म्हणाले, “पायरी खरंच वली होती रं.”

सोमवारी मी वर्गात उभा राहून तो गडी कोण ते सांगितलं. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतरचे सगळे रविवार मी वडिलांमागे देवळावर चढलो आणि ते सांगतील ते लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी मी बी. ए. झालो. त्याच वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात अंबरनाथच्या देवळावर लेख छापून आला. त्यावर वडिलांचं नाव आधी आहे, माझं नंतर.